मेणकापड

६ तारीख, सोमवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतोस असं कळलं. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस. भावजयीचा दमा या गारठ्यात वर आला नाही ना? तिला सांग, कापसाच्या धुळीतून सुटलीस तरी फोमचा भुसा काही कमी नसतो, तोंडाला फडकं बांधूनच दुकानात बसत जा. थोरलीचे दिवस भरत आले असतील. पाठीशी उशी घेतल्याशिवाय तिला बसू देऊ नका. धाकटीच्या चष्म्याचा नंबर थांबला का? आणि तुमचा तो म्हातारा कुत्रा, पोस्टमनवर भुंकायचा आणि चोरापुढे शेपटी हलवायचा, तो आहे की गेला?

इकडे सगळं ठीक आहे.

मी पडल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. जावाजावांचं फोनवर बोलणं चालू असतं हे आपल्या दोघांनाही माहीत नाही, असं आपण इतकी वर्षं धरून चाललोय. तसंच चालू दे. दुकानाच्या जिन्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, काम चोख झालंय. आता तुमची पाळी." म्हणजे आधी खुर्चीत बसायचं, मग वॉकर धरून चालायचं, मग पायऱ्या. पायऱ्या आल्या की घरी.

आपला जिना तुला ठाऊक आहे. वळणावर कपाट अडकलं होतं ते आठवतं? शेवटी त्याचे पाय कापले. माझे कापून चालणार नाहीत. दोघांनी उचलून न्यायचं म्हटलं तर उचलणाऱ्यांसकट खाली येऊ. तेव्हा स्वतःच्या पायांनी चढेन त्या दिवशी घर, तोपर्यंत ही खाट.

इथल्या गाद्या तुझ्या कंपूतल्या आहेत, फोमच्या, वरून रेक्झिन. बोटाने दाबून पाहिलं. काही बोलत नाही.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देशील. पत्राचं तसं नाही, फेकायच्या आधी माणूस वाचतोच. अक्षर तिरकं आलंय, कारण कुशीवर पडून लिहितोय. खिडकी या बाजूला आहे ना.

तुझा
दादा

१० तारीख, शुक्रवार

चि. धाकट्यास,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी हे जमेच्या बाजूला धरतो.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. अर्ध्या वॉर्डाला त्यांचा आवाज पुरतो. डॉक्टरांची फेरी आली की ओरडतात, "चला, पुढे सरका, मधे गर्दी करू नका!" शिकाऊ डॉक्टर खरोखरच पुढे सरकतात. आम्हाला उठवायला, पुसायला, चादरी बदलायला एक मावशी आहे. एवढ्या खाटांना ती एकटी. घाईत असते, पण हात हलका आहे. खाटेला घंटी आहे. मी ती वाजवत नाही. कंडक्टर वाजवतात, अगदी गाडी सोडायची असल्यासारखे.

तुझ्या वहिनीला दुकानातून मेणकापड आणायला सांगितलं, आणि जुन्या खोळी, धुऊन मऊ झालेल्या. "कशाला?" म्हणाली. म्हटलं, पडल्या पडल्या सूप प्यायचं तर सांडतं, दुसऱ्याची गादी कशाला खराब करायची. गादीवर मेणकापड, त्यावर खोळीचे चार पदर, कडा खाली घट्ट दुमडून. तिच्याकडून घालून घेतलं. पाहिलं असतंस तर मान डोलावली असतीस. एक थेंब खाली जायचा नाही.

पाणी जरा कमी केलंय. इथल्या पाण्याला चव नाही.

खुर्चीत बसलो. व्यायाम करून घेणारी बाई खूश झाली. फार वेळ नाही बसलो, थोडं चुरचुरलं. तिला म्हटलं चक्कर येतेय. उद्या बसेन.

थोरलीचं काय झालं?

दादा

१५ तारीख, बुधवार

धाकट्या,

आज खिडकी माझ्या पाठीशी आहे, तरी कुशीवरच आहे. तेव्हा खिडकीचं कारण खरं नव्हतं हे तुझ्या लक्षात येईल. उताणं पडवत नाही मला.

सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहितो. ऑपरेशननंतर नळी काढली आणि तेव्हापासून लघवी धरवत नाही. कळतं, पण कळेपर्यंत झालेली असते. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, खरंच काही सांडलं. इकडेतिकडे पेला शोधला मी.

मग मला एकच सुचलं. गादी. गादी भिजता कामा नये. दुसऱ्या कोणाला सुचलं असतं की बाबा रे, मावशीला हाक मार, कपडा बदलून घे. पण बाबांच्या हाताखाली वाढलेल्याला आधी गादी दिसते. म्हणून ते मेणकापड. गादी वाचली, अगदी कोरडी ठणठणीत. सगळी ओल माझ्या अंगाखाली राहिली.

मावशी विचारायची, "आजोबा, बदलायचंय का?" मी म्हणायचो, "कोरडं आहे बाई, तू पुढच्याकडे जा." वाटायचं तिचं एक काम वाचवतोय. पडदा ओढून स्वतःच साबण लावून पुसायचो, खरखरीत टॉवेलने, वास जाईपर्यंत. वर पावडर. पाणी प्यायचं बंद, म्हणजे मागणीच नको. आग व्हायला लागली तेव्हा आणखी जोरात पुसलं.

काल सिस्टरने कूस बदलायला लावली आणि तिचा चेहरा उतरला. या सिस्टर वयाने आपल्या थोरलीएवढ्या, पण बोलणं सासूसारखं.

"हे कधीपासून?"

"थोडंसं लाल झालंय, नाही का?"

"लाल? आजोबा, कातडी सुटलीय. सांगितलं का नाही?"

पांघरूण उचललं तर खाली चार पदर आणि मेणकापड. "हे कोणी घातलं?"

"मी. माझा धंदाच तो."

"बोटं फार वेळ पाण्यात राहिली की कशी होतात? तुमची बैठक तशी झालीय, आणि हे तर साधं पाणीही नाही. पाणी पीत नाही म्हणून लघवी कडक होते, कातडीला चावते. त्यात साबण, त्यात घासणं. आणि खाली हे! ओल ना खाली जातेय ना सुकतेय. गादीला काय होणार होतं? पुसली की झालं. तुम्हाला कोण पुसून नवं करणार?"

मी खोळीच्या कडा बघत राहिलो. कंडक्टरही गप्प, यावरून काय ते समज.

मेणकापड काढलं. आता नुसत्या कोमट पाण्याने मऊ कापड टेकवून पुसतात, घासायचं नाही. मग पांढरं जाड मलम, आणि वर हवा लागू द्यायची. ओलं झालं की लगेच घंटी. घंटीची माझ्यावर सक्ती आहे.

वहिनीला मी अजून सांगितलेलं नाही. धुवायला नेलेल्या खोळींवर सूपच सांडलंय, असं तिला वाटतं. मग तुला का सांगतोय? जगात ज्याच्यापुढे मला याची लाज वाटू नये असा माणूस तू एकटाच.

आठवतं ना, बाबांचा नियम? नवी गादी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी एक रात्र आपण पोरांनी त्यावर झोपायचं. त्याशिवाय कापूस बसत नाही, म्हणायचे. आणि तू ती भिजवलीस, लग्नघरची गादी. तू रडायलाही घाबरत होतास, नुसता कुडकुडत उभा होतास. मी टाके उसवले, ओला कापूस काढला, सुका भरला, जमेल तसे टाके घातले. बाबांनी एका नजरेत ओळखलं की टाके त्यांचे नाहीत. "कशाला हात लावलास?" म्हणाले. म्हटलं, शिकत होतो. गालावर पाच बोटं उठली. पण त्यानंतर मला दाभण हातात धरायला त्यांनीच शिकवलं, तीन टाके आणि गाठ, तीन टाके आणि गाठ. मी तुला शिकवलं.

ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. कापूस की फोम यावरून आपलं भांडण झालं, कोण काय बोललं ते दोघांनाही पाठ आहे, पुन्हा लिहून शाई कशाला घालवू. पण त्या दिवशीही ते तोंडातून निघालं नाही माझ्या.

आता माझं तू पोटात ठेव.

दादा

२१ तारीख, मंगळवार

धाकट्या,

थोरलीला मुलगी झाली! तुझी वहिनी पेढ्यासारखं तोंड करून आली आणि म्हणाली, "असंच कळलं." दोघी सुखरूप आहेत हे ऐकून बरं वाटलं. बाळ रडकं आहे म्हणे. घराण्यावर गेलंय. त्याला मऊ, कोरडं ठेवा. हे मी आता अनुभवाने सांगतो.

माझं जरा मागे पडलं. पाणी तोडलं होतं त्याचा दंड भरतोय. लघवीला जंतूंची बाधा झाली, ताप आला. त्यावर औषध दिलं, तर त्या औषधाने पोट बिघडलं. पुढचं लिहीत नाही, तुला कळेल. कातडी आधीच उघडी, त्यावर ते. कातडी धरू लागली होती ती पुन्हा सुटली, आणि आता माकडहाडापाशी खोल गेलंय. इकडच्या कुशीवरून तिकडच्या कुशीवर, एवढाच माझा प्रवास. कंडक्टर म्हणतात, "चला, गाडी वळली!" हसलं की दुखतं, म्हणून त्यांना सांगितलं की हसवायचं तेवढं बंद करा. बिचारे दिवसभर तोंडावर हात ठेवून होते.

खुर्ची बंद केली. बसलं की सगळा भार तिथेच येतो. व्यायामवाली बाई येते, पडल्या पडल्या पाय हलवून घेते. मांडी माझी होती ती आता काठीसारखी दिसते. मी विचारलं, "पायऱ्या कधी?" म्हणाली, "आधी जखम भरू दे." सिस्टरला विचारलं, "जखम कधी भरेल?" म्हणाली, "आधी पोटात अन्न जाऊ दे." प्रत्येकजण मला दुसऱ्या खिडकीवर पाठवतो.

आणि वहिनीला ठाऊक होतं रे. पहिल्यापासून. काल मी चाचरत सांगायला गेलो तर म्हणाली, "सूपाचा डाग मला ओळखू येत नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने खोटं बोलत होता. मोडवेना मला." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मोडायला हवं होतं."

ती मेणकापड आणत होती, मी घालून घेत होतो. दोघांनी मिळून माझी अब्रू राखली आणि अब्रूखाली कातडी गेली. मावशीलाही मीच परतवत होतो. बोट कोणाकडे दाखवू?

तू लिही ना काहीतरी. शिव्या लिहिल्यास तरी वाचेन.

दादा

२७ तारीख, सोमवार

धाकट्या,

तुझं पार्सल आलं.

आधी वाटलं, चुकून कोणा दुसऱ्याचं. मोठं, हलकं, आत चिठ्ठी नाही की नाव नाही. मावशीने दोरा कापला. आतून फोमच्या तीन उश्या, एका बाजूला उतरत्या, घराच्या छपरासारख्या. सिस्टर बघून म्हणाली, "अरे वा, ह्या कोणी सुचवल्या? पाठीशी लावल्या की आजोबा कुशीवर कलते राहतील, भार नको तिथे पडणार नाही." मी म्हटलं, "भावाने. त्याचा धंदाच तो."

म्हणजे माझी पत्रं वाचतोस. एकही न फेकता.

खोळी सुती आहेत, जुन्या कापडाच्या, काढून धुता येतील अशा. शिवण मशीनची असेल असं वाटलं. मग बोट फिरवलं. तीन टाके आणि गाठ, तीन टाके आणि गाठ. तुझे टाके अजून उजवीकडे झुकतात. कितीदा सांगितलं होतं, दाभण सरळ धर.

कंडक्टर म्हणाले, "आजोबा, रडता काय?" म्हटलं, मलम झोंबतंय.

फोम वाईट नाही, धाकट्या. हे मी दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायला हवं होतं की नाही ते मला माहीत नाही; मला खरंच कापूस चांगला वाटायचा, अजूनही वाटतो. पण हे अंगाखाली घेऊन पाहिलं आणि काल दुपारभर मला झोप लागली. दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं. माझ्याहून बरं.

उश्या बोलत नाहीत मात्र. दोन ओळी टाकायच्या होत्यास.

दादा

३ तारीख, सोमवार

प्रिय धाकट्या,

तुझा गुडघा बरा असो. भावजयीचा श्वास मोकळा चालो. थोरली आणि तिची रडकी लेक झोपत असोत. धाकटीचा चष्मा नाकावर राहो. कुत्र्याचं कळलं. म्हातारा होता, तुमच्यात गेला, त्याने आणखी काय मागायचं.

आज डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. उभे राहून बोलणारा माणूस बसला की समजावं. जखमेतले जंतू रक्तात गेलेत. औषधं चालू आहेत, पण जखम भरून यायला अंगात जोर उरलेला नाही. म्हणाले, "आजोबा, आता ठणका कमी ठेवणं आणि तुम्हाला कोरडं ठेवणं, एवढं आम्ही नक्की करू शकतो. ते घरीही होईल. नर्स घरी येऊन मलमपट्टी करेल."

मी विचारलं, "आणि पायऱ्या?"

त्यांनी माझा हात धरला. डॉक्टर चांगले आहेत. खोटं बोलले नाहीत.

जिना नाही, तर घर कसं? तर वहिनीने काल दुकान रिकामं केलं. कापसाचे गठ्ठे देऊन टाकले, पिंजायची कमान तेवढी भिंतीवर राहू दिली. ज्या खाटेवर आपण गाद्या टाचायचो ती मधे ओढून ठेवली, दाराकडे तोंड करून. ती म्हणाली, "तुमचं अर्धं आयुष्य तिथेच गेलं, उरलेलं वर कशाला न्यायचं?" मग स्वतःच घाबरली आपल्या बोलण्याला. मी हसलो, दुखलं तरी.

मेणकापड मात्र तिने जाळलं. वास आला म्हणे गल्लीभर.

आता कामाचं. त्या खाटेवर गादी नाही. होत्या त्या सगळ्या माझ्याच हातच्या, कापसाच्या, गोळे झालेल्या, त्यांच्यावर सिस्टर मला झोपू देणार नाही. मला गादी करून दे. खाटेचं माप तुला हातांनी ठाऊक आहे. जाडी तू ठरव. आत काय भरायचं ते तू ठरव, मी या वेळी नाक मुरडणार नाही. खोळ सुती कर, निघणारी. रेक्झिन नको, मेणकापड नको, खाली ओल अडवणारं काही नको. डाग पडतील. पडू देत. जन्मभर लोकांच्या गाद्या डागांपासून राखल्या. ही एक माझी असेल, हिला डाग पडले तरी चालतील. कोणी लपवायचे नाहीत. लहानपणी तू भिजवलेली गादी मी उन्हात उलटी घालायचो, तशी ही तू घालशील असं धरून चालतो.

नियम मोडू नकोस. द्यायच्या आधी एक रात्र तू स्वतः त्यावर झोप. भिजवलीस तर कळव, टाके उसवायला आता मला जमायचं नाही, पण कोणाला सांगणार नाही एवढं वचन देतो.

एवढी मोठी गादी पोस्टाने येत नाही, धाकट्या. ती कोणीतरी घेऊनच यावी लागते.

या आठवड्यात मला गाडीने सोडतील. कंडक्टर म्हणाले, "तुमच्या स्टॉपवर मी बेल देतो," आणि तोंड फिरवून बसले. उजव्या हाताला सलाईन आहे, म्हणून हे डाव्याने लिहिलंय, वाचता नाही आलं तर भावजयीला विचार.

येतोस की नाही ते लवकर लिही. नुसतं "हो" लिहिलंस तरी मला पुरेल. पत्ता दुकानाचाच घाल, तो बदललेला नाही. मी दाराशीच आहे, तेव्हा पोस्टमनलाही जिना चढावा लागणार नाही, आणि तुझ्या गुडघ्यालाही.

तुझा
दादा